फिलिप मेडोज टेलर

फिलिप मेडोज टेलर (जन्म : लिव्हरपूल, इंग्लंड, २५ सप्टेंबर १८०८, मृत्यू : मांतों, फ्रान्स, १३ मे १८७६) हे हैदराबादच्या निजामाच्या सेवेतील लष्करी व मुलकी अधिकारी, इंग्रजी कादंबरीकार, इतिहासलेखक आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक होते. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या पहिल्याच कादंबरीने त्यांना युरोपभर कीर्ती मिळवून दिली. वाटसरूंचा विश्वास संपादन करून त्यांचा गळा आवळणाऱ्या ठगांचे जग या कादंबरीने सर्वसामान्य इंग्रज वाचकासमोर प्रथमच सविस्तर मांडले. गुन्हेगाराच्या तोंडून त्याच्याच गुन्ह्यांची कथा वदविणाऱ्या आरंभीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत तिची गणना होते. टेलर यांच्या आयुष्याचा मोठा भाग मराठवाडा, वऱ्हाड आणि त्यांना लागून असलेल्या कानडी प्रदेशात गेला. औरंगाबाद, हिंगोली, तुळजापूर, नळदुर्ग व बुलढाणा ही गावे त्यांच्या चरित्राशी किंवा लेखनाशी निगडित आहेत.

बालपण आणि भारतात आगमन

टेलर यांचे वडील लिव्हरपूलचे व्यापारी होते. त्यांचे नावही फिलिप मेडोज टेलर असेच होते. व्यापारात खोट आल्यामुळे मुलाचे शिक्षण फार लांबवणे त्यांना शक्य झाले नाही आणि फिलिपला लहान वयातच एका पेढीवर कारकुनी करावी लागली. त्याच सुमारास मुंबईत व्यापार करणाऱ्या बॅक्स्टर नावाच्या गृहस्थाशी कुटुंबाचा परिचय झाला. आपली मुंबईची पेढी भरभराटीची आहे, मुलाला तेथे पाठवा, तो वयात आला की त्याला भागीदार करून घेऊ, असे आश्वासन त्याने दिले. त्यावर विश्वास ठेवून आईवडिलांनी पंधरा वर्षांच्या मुलाला १८२४ साली जहाजावर बसवून दिले.

सप्टेंबर १८२४ मध्ये टेलर मुंबईस पोहोचले, तेव्हा खरी परिस्थिती त्यांच्या ध्यानात आली. ज्या पेढीचा एवढा गाजावाजा झाला होता ती प्रत्यक्षात कर्जात बुडालेले एक दुकान होते. भागीदारीचा प्रश्नच उरला नव्हता. परक्या देशात, हाती पैसा नसताना, सोळा वर्षांच्या मुलावर हा प्रसंग ओढवला. मुंबई सरकारचे मुख्य सचिव न्यूनहॅम हे त्यांच्या आईच्या नात्यातले होते. त्यांनी खटपट करून टेलर यांना निजामाच्या फौजेत नेमणूक मिळवून दिली आणि नोव्हेंबर १८२४ च्या सुमारास हा मुलगा औरंगाबादच्या छावणीत रुजू झाला. गोड बोलण्यावर भरवसा ठेवून फसगत होण्याचा हा अनुभव त्यांना आयुष्याच्या अगदी आरंभी आला. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांत हाच विषय निरनिराळ्या रूपांनी पुन:पुन्हा येतो.

निजामाच्या सेवेत

निजामाच्या या कवायती फौजेला कंटिंजंट म्हणत. तिचा खर्च निजामाच्या तिजोरीतून होई. अधिकारी मात्र इंग्रज असत आणि हुकूमत रेसिडेंटची चाले. या फौजेतील स्थानिक नेमणुकीच्या अधिकाऱ्यांना कंपनीच्या सनदी नोकरांप्रमाणे बढतीचे व निवृत्तिवेतनाचे हक्क नव्हते. टेलर यांना ही उणीव आयुष्यभर जाणवली. आपल्याला वर चढायचे असेल तर ते ज्ञानाच्या आणि कामाच्या बळावरच, हे ओळखून त्यांनी हिंदुस्थानी, फारसी व मराठी या भाषा आत्मसात केल्या. जमिनीची मोजणी, कायदा, तलाव व रस्ते बांधण्याचे शास्त्र या विषयांचा अभ्यासही त्यांनी बव्हंशी स्वतःच्या स्वतःच केला.

काही काळ त्यांची नेमणूक हैदराबाद राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलीस खात्यात साहाय्यक अधीक्षक म्हणून झाली. दुभाष्यावाचून रयतेशी बोलणारा गोरा अधिकारी त्या काळी विरळाच होता. गावोगाव हिंडताना लोक त्यांच्यापाशी मोकळेपणाने तक्रारी सांगत. पिठात वाळू मिसळून विकणाऱ्या वाण्यांना भर कचेरीत स्वतःचेच पीठ खायला लावल्याची हकिगत त्यांनी आत्मचरित्रात नोंदविली आहे. ‘मेडोज’ या नावाचा उच्चार लोकांच्या जिभेवर ‘महादेव’ असा झाला आणि ते ‘महादेव बाबा’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या मेरी हिच्याशी टेलर यांचा विवाह झाला. विल्यम पामर हे जनरल पामर आणि दिल्लीच्या फैज बक्ष बेगम यांचे पुत्र होते. निजामाच्या दरबारी त्यांच्या पेढीचे मोठे वजन होते. सरकारला जबर व्याजाने दिलेल्या कर्जांवरून वाद होऊन ही पेढी पुढे बुडाली. या सासुरवाडीमुळे टेलर यांचा हिंदुस्थानी घरांतील चालीरीतींशी जवळचा परिचय झाला. त्यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीपात्रांच्या वर्णनात तो दिसून येतो.

ठगांचा तपास आणि हिंगोलीचे प्रकरण

ठग हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. ठकणे, ठकविणे, ठकसेन हे त्याच कुळातले शब्द आहेत. दक्षिणेत याच टोळ्यांना फासीगार असेही म्हणत. या टोळ्यांच्या कामाची वाटणी ठरलेली असे. प्रवाशाशी ओळख वाढवून त्याला टोळीच्या संगतीत ओढणारा तो सोथा, रुमालाने गळा आवळणारा तो भुर्तोट आणि आधीच खड्डे खणून ठेवणारा तो लुघा. त्यांची आपापसांतील सांकेतिक बोली रामसी या नावाने ओळखली जाई. तंबाखू मागण्यासारखे एखादे साधे वाक्य हाच पुष्कळदा खुनाचा इशारा असे. त्याला झिरनी म्हणत. चोरदरोडेखोरांच्या भीतीने प्रवासी सोबत शोधत असत, आणि ही सोबतच त्यांचा घात करी. ज्याच्यापासून सावध राहायचे तोच सावधगिरीचा सल्ला देत बरोबर चालत असे, हे या गुन्ह्याचे मर्म होते.

पोलीस खात्यात असताना टेलर यांच्या हद्दीत वाटसरू नाहीसे होण्याच्या व अनोळखी प्रेते सापडण्याच्या घटना घडत होत्या. त्यांचा माग काढण्यास त्यांनी आरंभ केला होता. तेवढ्यात त्यांना पुन्हा पलटणीत हजर होण्याचा हुकूम आला आणि तपास अर्धवट राहिला. ठगीचे रहस्य उघडकीस आणण्याचा पहिला मान हातचा गेला, ही रुखरुख त्यांनी आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. तो मान नर्मदेच्या खोऱ्यात काम करणाऱ्या विल्यम स्लीमन यांना मिळाला. १८३० च्या सुमारास फिरंगिया या नावाजलेल्या ठगाला पकडून स्लीमन यांनी त्याला माफीचा साक्षीदार केले. त्याच्यासारख्यांच्या जबान्यांवरून एकामागून एक टोळ्या हाती लागत गेल्या. हैदराबाद राज्यात हेच काम कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे होते आणि टेलर यांनी त्यांना साहाय्य केले. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या ऐकून त्या लिहून घेण्याचे काम त्यांनी दिवसेंदिवस केले.

या तपासातील हिंगोलीचे प्रकरण टेलर यांनी कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. हिंगोली येथे कंटिंजंटची छावणी होती. त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. अधिकाऱ्यांचा त्याच्याशी नित्याचा व्यवहार होता आणि टेलर स्वतःही त्याचे गिऱ्हाईक होते. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना रीतसर अर्ज करून मिळवला. त्या भागातील एक व्यापारी नेमका तसाच माल घेऊन मुंबईहून येत आहे, याची बातमी त्याला आधीच लागली होती. हरिसिंगाने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना व जनावरे हाकणाऱ्यांना ठार केले. मग सरकारी परवान्याच्या आधारे ते कापड हिंगोलीस आणून भर छावणीत राजरोस विकले. ज्या अधिकाऱ्याकडून त्याने परवाना मिळवला होता, त्याच्याकडेच पुढे ठगांच्या बंदोबस्ताचे काम आले.

हरिसिंग हा त्या भागातील ठगांचा म्होरक्या निघाला. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याच्या टोळीने अनेकांचे गळे आवळले होते आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून थोड्याच अंतरावर पुरली होती. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच ही हकिगत सांगितली, म्हणूनच ती कळली. साक्षीदारांनी दाखविलेल्या जागा उकरल्या गेल्या, त्या वेळी टेलर प्रत्यक्ष हजर होते. ज्या दुकानातून त्यांनी निर्धास्तपणे खरेदी केली होती, त्या दुकानाचा मालक कोण होता हे त्यांना त्या खड्ड्यांच्या काठावर उभे राहून समजले.

कन्फेशन्स ऑफ अ ठग

१८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकृती ढासळल्यामुळे टेलर दीर्घ रजेवर इंग्लंडला गेले. जाताना त्यांनी ठगांविषयीच्या कादंबरीचे हस्तलिखित बरोबर नेले. लंडनच्या रिचर्ड बेंटली यांनी १८३९ मध्ये ती तीन खंडांत प्रसिद्ध केली. राणी व्हिक्टोरिया यांना तिच्याविषयी इतकी उत्सुकता होती की छापून बाहेर येण्यापूर्वीच मुद्रिते त्यांच्याकडे पाठवावी लागली, असे टेलर यांनी नमूद केले आहे.

कादंबरीचा नायक अमीर अली तुरुंगातून एका साहेबाला आपली जीवनकथा सांगतो. लहानपणी तो आईवडिलांबरोबर प्रवासात असताना वाटेत सोबतीला आलेल्या ठगांनी त्या दोघांना मारले. टोळीचा नायक इस्माईल याला या मुलाचा लळा लागला. त्याने मुलाला जिवंत ठेवून पोटच्या पोराप्रमाणे वाढविले. मोठा होऊन अमीर अली नामांकित ठग झाला. अमरावती, हैदराबाद आणि मध्य हिंदुस्थानच्या वाटांवर त्याच्या मोहिमा चालतात. मधल्या काळात तो चितू पेंढाऱ्याच्या टोळीतही सामील होतो. आपण ७१९ माणसे मारली, असा त्याचा हिशेब आहे.

या कथेत फसविणारा आणि फसणारा यांच्या जागा सतत बदलत राहतात. ज्या जालौनच्या राजाला नजराणे देऊन ठग निर्धास्त राहिले होते, तोच राजा उलटतो आणि इस्माईलला देहान्त शासन देतो. ज्याला अमीर अली बाप मानत होता, त्याच्याच टोळीने आपले खरे आईबाप मारले हे सत्य त्याला फार उशिरा कळते. आपण गळा आवळलेली एक प्रवासी स्त्री आपली सख्खी बहीण होती, हेही तिच्या अंगावरच्या एका खुणेवरून त्याला नंतर उमगते. विश्वासघाताची विद्या ज्याने पणाला लावली, त्याच्या वाट्याला शेवटी कोणतेही नाते निर्मळ राहत नाही.

कादंबरीची रचनाही या आशयाला धरून आहे. अमीर अली बोलका, सुसंस्कृत आणि आर्जवी आहे. त्याची वाणी साहेबाला गुंगवते आणि साहेबाबरोबर वाचकालाही. आपण एका खुन्याची बाजू घेऊ लागलो आहोत, हे ध्यानात येईपर्यंत वाचक बराच पुढे आलेला असतो. सोथा प्रवाशाला जसा वाटेने नेतो, तसा हा निवेदक वाचकाला नेतो. खून कोणी केला हे पहिल्या पानापासून माहीत असूनही कादंबरी उत्कंठेने वाचली जाते, याचे कारण हेच आहे.

कादंबरीच्या प्रस्तावनेत टेलर यांनी १८३१ ते १८३७ या काळातील कारवाईचे आकडे दिले आहेत. त्यानुसार एकूण ३,२६६ जण पकडले गेले. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जणांना माफीचे साक्षीदार करण्यात आले. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरविला होता. अमुक खून अमुक माणसाने केला, असे सिद्ध करण्याची गरज उरली नव्हती. पुरावा मुख्यतः साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्यांचाच असे. फसवणूक हाच ज्यांचा धंदा होता, त्यांच्या शब्दावर सरकारने किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. टेलर यांनी तो कादंबरीत थेट विचारलेला नाही. तथापि त्यांचा नायक स्वतःच असा साक्षीदार असल्यामुळे वाचकाला तो टाळता येत नाही.

शोरापूर

१८४० मध्ये टेलर भारतात परतले. त्याच वर्षी त्यांची ‘टिपू सुलतान’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राचे भारतातील वार्ताहर म्हणून ते काम पाहू लागले. १८४१ मध्ये त्यांना शोरापूर येथे पाठविण्यात आले. शोरापूर म्हणजे कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यातील आजचे सुरपूर. निजामाला खंडणी देणारे हे बेरड नायकांचे लहानसे संस्थान होते. राजा कृष्णप्पा नायक यांच्या निधनानंतर गादीवर आलेला व्यंकटप्पा नायक सात-आठ वर्षांचा होता. राजमाता ईश्वरम्मा आणि दिवंगत राजाचे भाऊ पिड्ड नायक यांच्यात सत्तेसाठी तीव्र चढाओढ चालू होती.

टेलर यांनी लष्करी बळाचा फारसा वापर न करता कारभाराची घडी बसविली. संस्थानावरील कर्ज कमी केले, तलाव दुरुस्त केले, रस्ते केले आणि लहान राजाच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले. व्यंकटप्पा त्यांना ‘अप्पा’ म्हणजे वडील म्हणत असे. या काळात टेलर यांच्या पत्नीचे निधन झाले. मुली शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये होत्या. शोरापूरच्या टेकडीवर त्यांनी बांधलेला बंगला आजही ‘टेलर मंझिल’ म्हणून ओळखला जातो. परिसरातील महापाषाणयुगीन दफनभूमींचे त्यांनी उत्खनन केले आणि त्यांवर निबंध लिहिले. दक्षिण भारतातील या प्रकारच्या अवशेषांच्या आरंभीच्या शास्त्रीय नोंदींत त्यांचा समावेश होतो.

नळदुर्ग

१८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्गचा प्रदेश इंग्रजांच्या कारभारात दिला. त्याच वर्षी व्यंकटप्पा नायकाने शोरापूरची सूत्रे हाती घेतली. तेथून मोकळे झालेले टेलर नळदुर्ग जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी झाले. नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेल्या पाणीमहालाच्या सान्निध्यात त्यांचा मुक्काम असे. नव्या जिल्ह्यात जमिनीची मोजणी, सारा ठरविणे, रस्ते आखणे, तलावांच्या जागा पाहणे ही कामे त्यांनी स्थानिक माणसांना शिकवून करून घेतली. नळदुर्गचा हा प्रदेश १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. त्यातूनच पुढे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा आकारास आला आणि १९८२ मध्ये त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला.

तुळजापूर त्यांच्या अधिकारक्षेत्रात होते. भवानीचे मंदिर, तेथील पुजारी, यात्रा आणि बालाघाटाचा परिसर त्यांनी बारकाईने पाहिला. या निरीक्षणाचा उपयोग त्यांनी पुढे ‘तारा’ या कादंबरीत केला.

१८५७ आणि शोरापूरच्या राजाचा शेवट

१८५७ च्या उठावाची बातमी आली तेव्हा टेलर यांची बदली उत्तर वऱ्हाडात बुलढाणा येथे झाली. हाताशी सैन्य नसताना त्यांनी जिल्हा शांत राखला आणि जनरल व्हिटलॉक यांच्या फौजेसाठी बैल, गाड्या व धान्य पुरविले.

शोरापुरात मात्र वेगळेच घडले. टेलर गेल्यानंतर व्यंकटप्पा नायकाचा कारभार बिघडत गेला. १८५८ च्या फेब्रुवारीत त्याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. उठाव फसल्यावर तो हैदराबादला पळून गेला. तेथे पकडला जाऊन तो रेसिडेंटच्या ताब्यात आला. ज्याला त्यांनी मुलासारखे वाढविले होते त्याला भेटण्यासाठी टेलर तुरुंगात गेले. सरकारी अधिकारी म्हणून राजाचे कृत्य त्यांना बंडच वाटत होते, पण वडिलकीच्या नात्याने त्याचा जीव वाचावा अशी त्यांची तळमळ होती. राजाला प्रथम देहान्त शासन सुनावले गेले. रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यांनी ते कमी करून हद्दपारीची शिक्षा दिली. पुढे गव्हर्नर जनरलनी तीही सौम्य करून मद्रासजवळच्या चिंगलपट येथे चार वर्षांची कैद ठरविली. सुटकेनंतर गादी परत मिळण्याची आशा त्यात ठेवली होती. परंतु तिकडे जात असताना वाटेतल्या मुक्कामी, सोबतच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजाचा मृत्यू झाला. तो अपघात होता की आत्महत्या, याचा निर्णय झाला नाही. हा राजा चोविसाव्या वर्षानंतर जगणार नाही, असे त्याच्या पत्रिकेत वर्तविले होते, ही गोष्टही टेलर यांनी नोंदवून ठेवली आहे.

राजाच्या पश्चात टेलर पुन्हा शोरापूरला आयुक्त म्हणून आले. त्यांनी ज्या संस्थानाची घडी बसविली होती ते १८६० मध्ये निजामाच्या राज्यात विलीन झाले. कर्नाटकात आज राजा व्यंकटप्पा नायक यांचे स्मरण स्वातंत्र्यवीर म्हणून केले जाते.

निवृत्ती आणि पुढील लेखन

१८६० मध्ये प्रकृतीच्या कारणाने टेलर यांनी भारत सोडला. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी मुख्यतः आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ घालविला. या काळात त्यांनी तीन ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. ‘तारा’ (१८६३) ही १६५७ च्या सुमारास, ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) ही १७५७ च्या आणि ‘सीता’ (१८७२) ही १८५७ च्या घडामोडींवर आधारलेली आहे. शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावरील या तीन वळणांतून हिंदुस्थानातील सत्तांतराचा आलेख काढावा, अशी त्यांची योजना होती.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यांपैकी ‘तारा’ महत्त्वाची आहे. तुळजापूरच्या व्यास शास्त्री यांची बालविधवा कन्या तारा ही तिची नायिका. विजापूरचा दरबार, अफझलखानाची मोहीम आणि शिवाजी महाराजांचा उदय या पार्श्वभूमीवर कथा घडते. आदिलशाही वजिराची शत्रूशी चाललेली गुप्त पत्रे, ती विकावयास निघालेला लाला तुळशीदास हा कावेबाज कारकून, दरोडेखोरांचा नायक पहाडसिंग आणि वेश पालटून वावरणारे हेर यांनी कथानक भरलेले आहे. त्या अर्थाने ही ऐतिहासिक कादंबरी हेरकथेच्या जवळ जाते. ‘तारा’ प्रसिद्ध झाल्यानंतर आठ वर्षांनी, १८७१ मध्ये, रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी कृती प्रकाशित होऊ लागली.

१८६९ मध्ये टेलर यांना ‘स्टार ऑफ इंडिया’ या सन्मानाची सी.एस.आय. ही पदवी मिळाली. १८७० मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी भारताच्या इतिहासाचे एक मोठे पाठ्यपुस्तक लिहिले.

अखेरचे दिवस

उतारवयात त्यांची दृष्टी मंदावत गेली. अशा स्थितीत हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या निमंत्रणावरून १८७५ मध्ये ते पुन्हा भारतात आले. हा प्रवास त्यांना झेपला नाही. परतीच्या वाटेवर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांतों येथे १३ मे १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या ॲलिस हिने संपादित केलेले ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र १८७७ मध्ये आणि चाँदबिबीच्या जीवनावरील ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रभाव आणि मूल्यमापन

ठग हा शब्द आज इंग्रजीत कोणत्याही गुंडासाठी वापरला जातो. त्याच्या प्रसारास स्लीमन यांचे अहवाल आणि टेलर यांची कादंबरी विशेष कारणीभूत झाली. फ्रेंच कादंबरीकार यूजीन स्यू यांनी ‘द वाँडरिंग ज्यू’ मध्ये फिरंगियाच्या नावाचा ठग आणला. विसाव्या शतकात जॉन मास्टर्स यांनी ‘द डिसीव्हर्स’ (१९५२) या कादंबरीत हाच विषय हाताळला.

अलीकडच्या इतिहासकारांनी ठगीविषयीच्या जुन्या समजुती तपासून पाहिल्या आहेत. ठग हा देशभर पसरलेला, देवीच्या नावाने खून करणारा एकच धर्मपंथ होता, हे वसाहतकालीन चित्र अतिरंजित असल्याचे अनेकांचे मत आहे. बेकारी, युद्धांनंतर मोकळे झालेले सैनिक आणि जमीनदारांचा आश्रय यांतून निरनिराळ्या टोळ्या उभ्या राहिल्या असाव्यात, असे किम वॅगनर यांच्यासारखे अभ्यासक मांडतात. दुसरीकडे माइक डॅश यांच्यासारखे लेखक खुनांचे वास्तव आणि उकरलेल्या प्रेतांचा पुरावा यांवर भर देतात. टेलर यांची कादंबरी वाचताना हे दोन्ही पक्ष ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ती कल्पित कथा आहे, न्यायालयीन कागद नव्हे. तसेच ती लिहिणारा लेखक इंग्रजी सत्तेचा अधिकारी होता आणि त्या सत्तेच्या न्याय्यतेवर त्याची श्रद्धा होती.

तरीही समकालीन इंग्रज लेखकांच्या तुलनेत टेलर यांचे वेगळेपण स्पष्ट दिसते. त्यांनी हिंदुस्थानी माणसाला कथेच्या मध्यभागी ठेवले आणि त्याला स्वतःच्या आवाजात बोलू दिले. त्यांच्या लेखनातील भूगोल नकाशावरून उचललेला नाही, तो घोड्यावरून हिंडून पाहिलेला आहे. मनमाडहून नांदेड, धर्माबाद, निजामाबादमार्गे हैदराबादला जाणाऱ्या आजच्या रेल्वेप्रवाशाला काही तासांत जो मुलूख ओलांडता येतो, तो त्या काळी पायी किंवा बैलगाडीने पार करण्यास कित्येक दिवस लागत. अनोळखी सोबत्यावर विसंबणे ही तेव्हा चैन नव्हती, गरज होती. या गरजेचा गैरफायदा घेणारा माणूस कसा विचार करतो, याचे चित्रण हे टेलर यांच्या साहित्याचे मुख्य योगदान मानले पाहिजे.

फिलिप मेडोज टेलर यांची निवडक पुस्तके

- कन्फेशन्स ऑफ अ ठग (कादंबरी, १८३९)
- टिपू सुलतान (कादंबरी, १८४०)
- तारा (कादंबरी, १८६३)
- राल्फ डार्नेल (कादंबरी, १८६५)
- आर्किटेक्चर ॲट बीजापूर (विजापूरच्या वास्तुकलेविषयी, जेम्स फर्ग्युसन यांच्यासह, १८६६)
- अ स्टुडंट्स मॅन्युअल ऑफ द हिस्टरी ऑफ इंडिया (इतिहास, १८७०)
- सीता (कादंबरी, १८७२)
- द स्टोरी ऑफ माय लाइफ (आत्मचरित्र, मरणोत्तर, १८७७)
- अ नोबल क्वीन (कादंबरी, मरणोत्तर, १८७८)